गेमिंग संगणकाची घरगुती जुळणी

गेमिंग संगणकाची घरगुती जुळणी म्हणजे संगणकीय खेळ खेळण्यासाठी लागणारा मेजावरचा संगणक तयार विकत न घेता, त्याचे सुटे भाग निवडून ते स्वतः अथवा दुकानदाराकडून एकत्र बसवून घेणे. भारतात अशा संगणकाला बोलीभाषेत ‘असेंबल्ड पीसी’ म्हणतात. खर्चाला मर्यादा असते तेव्हा ही निवड मुख्यतः वाटणीचा प्रश्न ठरते. एका भागावर वाढवलेला रुपया दुसऱ्या भागातून कमी होतो, आणि एखादा भाग फार दुबळा राहिला तर बाकीच्या महाग भागांची क्षमता वाया जाते. प्रस्तुत लेखात भारतीय बाजारपेठेतील परिस्थिती गृहीत धरली आहे. भाव सतत बदलत असल्यामुळे किमतींपेक्षा निवडीच्या निकषांवर भर दिला आहे.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याची रचना खुली असल्याने इतर कंपन्यांना त्यात बसणारी कार्डे आणि पुढे त्याच्याशी सुसंगत असे पूर्ण संगणकही बनवता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा प्रसिद्ध केला. मदरबोर्डचा आकार, त्याच्या स्क्रूंच्या जागा आणि वीजपुरवठ्याच्या जोडण्या यांचे मोजमाप त्यात ठरवून दिलेले होते. निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या कंपन्यांचे भाग आज एका पेटीत बिनतक्रार बसतात, याचे श्रेय बव्हंशी या आराखड्याला जाते. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड ‘जीपीयू’ या नावाने विकले आणि तो शब्द रूढ झाला. या क्षेत्रातील एटीआय ही जुनी कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. २०२२ मध्ये इंटेलनेही ‘आर्क’ या नावाने स्वतंत्र ग्राफिक्स कार्डे आणली.

महाराष्ट्रात सुट्या भागांची सर्वांत परिचित बाजारपेठ म्हणजे मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण संगणक घ्यायला जाणारा कोणीही ते नाव उच्चारत नाही. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरमध्ये एस. पी. रोड आणि चेन्नईत रिची स्ट्रीट ही अशीच ठिकाणे आहेत. १९९० च्या दशकात नामांकित कंपन्यांचे तयार संगणक मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडत नसत. तेव्हा अनेक घरांत पहिला संगणक आला तो असा जुळवलेलाच.

आधी पडदा, मग यंत्र

खरेदीला निघताना बहुतेक जण ‘कोणते कार्ड घेऊ’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. वास्तविक पहिला प्रश्न मॉनिटरचा असावयास हवा, कारण कार्डाला किती काम करावे लागेल हे पडद्यावरून ठरते. १९२० × १०८० मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० चित्रबिंदू असतात, २५६० × १४४० वर ३६,८६,४००, तर ३८४० × २१६० वर ८२,९४,४००. म्हणजे सर्वांत मोठ्या मापाला पहिल्याच्या बरोबर चौपट बिंदू रंगवावे लागतात, आणि तेही दर सेकंदाला कित्येक वेळा. मर्यादित खर्चाच्या संगणकासाठी १९२० × १०८० हेच माप सयुक्तिक आहे. उपलब्ध कार्डाला न पेलणारा मोठा पडदा घेतल्यास खेळ कमी मापात चालवून ताणून दाखवावा लागतो, आणि चित्र लहान पडद्यापेक्षाही अंधुक दिसते.

पडद्याचा ताजेपणाचा दर हर्ट्‌झमध्ये मोजतात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर सुमारे ६.९ मिलिसेकंद. ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलोरंट’ यांसारख्या स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळांत हा फरक जाणवतो. हे खेळ ग्राफिक्स कार्डावर तुलनेने हलके असतात आणि प्रोसेसरवर अधिक विसंबतात. कथाप्रधान, विस्तीर्ण देखाव्यांच्या खेळांचे गणित उलट असते. त्यांत ६० चौकटी प्रतिसेकंद स्थिर मिळाल्या तरी पुरे, परंतु तेवढ्यासाठीही कार्ड बलवान लागते. लहान चमूंनी बनवलेल्या खेळांची मागणी सहसा माफक असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा या वर्गातला.

म्हणून घरातील मुलाला वा मुलीला नेमके कोणते तीन-चार खेळ खेळायचे आहेत, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. खेळांच्या विक्रीपृष्ठांवर किमान व शिफारस केलेली गरज दिलेली असते. त्यांपैकी ‘किमान’ म्हणजे खेळ कसाबसा सुरू होईल इतकेच, असे समजावे.

ग्राफिक्स कार्ड

खेळाच्या संगणकात सर्वाधिक खर्च याच भागावर होतो आणि व्हावाही. कार्डाची योग्यता मुख्यतः त्यावरील चिपची गणनशक्ती, त्यावरील स्मृती आणि त्या स्मृतीचा वेग या तीन गोष्टींवरून ठरते. खेळातील भिंती, कपडे, चेहरे यांवरील रंगपोताची चित्रे या स्मृतीत साठवलेली असतात. स्मृती अपुरी पडली की ती माहिती संगणकाच्या मुख्य रॅममधून मदरबोर्डच्या मार्गाने आणावी लागते. हा मार्ग कार्डावरील स्मृतीच्या तुलनेत फार संथ असतो. परिणामी सरासरी वेग बरा दिसूनही खेळ मध्येच अडखळतो. नव्या मोठ्या खेळांसाठी ८ जीबी ही आज किमान पातळी मानावी, १२ जीबी मिळाल्यास उत्तम. मात्र दुबळ्या चिपला मोठी स्मृती जोडून विकलेले कार्ड घेण्यात अर्थ नसतो.

सामान्य ग्राहकाची फसगत सर्वाधिक होते ती नावांमुळे. एकाच नावाखाली वेगवेगळ्या ताकदीची कार्डे विकली जातात. एनव्हिडियाचे ‘जीटी १०३०’ प्रथम जलद जीडीडीआर५ स्मृतीसह आले आणि २०१८ मध्ये त्याच नावाने साध्या डीडीआर४ स्मृतीसहही विकले जाऊ लागले. पहिल्याच्या स्मृतीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा जेमतेम १७. म्हणजे नाव तेच, खोके जवळजवळ तसेच, आणि स्मृतीचा वेग तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. ‘जीटीएक्स १०६०’ हे ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत मिळे. फरक फक्त स्मृतीचा वाटे, प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डात गणनकेंद्रेही १,२८० ऐवजी १,१५२ होती. ‘आरटीएक्स ३०५०’ चेही तसेच झाले. २०२२ च्या ८ जीबी कार्डात २,५६० केंद्रे होती, तर २०२४ च्या ६ जीबी कार्डात २,३०४. कार्ड मागताना केवळ नाव न सांगता स्मृतीचे प्रमाण आणि प्रकारही सांगावा, आणि तोच तपशील बिलावर लिहून घ्यावा.

दुसरा फसवा मुद्दा मदरबोर्डशी होणाऱ्या जोडणीचा. ग्राफिक्स कार्ड ज्या लांब खाचेत बसते तिला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. तिच्यात जास्तीत जास्त १६ मार्गिका असतात आणि प्रत्येक नव्या पिढीत मार्गिकेचा वेग दुप्पट होतो. एएमडीचे जानेवारी २०२२ मधील ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ हे स्वस्त कार्ड चौथ्या पिढीच्या केवळ ४ मार्गिका वापरते. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते ठीक चालते. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर मात्र तोच मार्ग सेकंदाला सुमारे ८ जीबीवरून ४ जीबीवर येतो, आणि कार्डाची स्वतःची स्मृती अवघी ४ जीबी असल्याने ते वारंवार त्याच अरुंद मार्गावर येऊन थांबते. वैगुण्य असे की स्वस्त कार्ड बहुधा ज्यांच्याकडे जुना मदरबोर्ड आहे तेच विकत घेतात.

प्रकाशकिरणांचा मागोवा घेऊन छाया-प्रतिबिंबे रेखाटण्याचे तंत्र, म्हणजे रे ट्रेसिंग, २०१८ पासून घरगुती कार्डांत आले. स्वस्त कार्डावर ते चालू ठेवणे क्वचितच परवडते. तथापि २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ यासारखे काही खेळ ही सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. त्यामुळे फार जुने कार्ड कितीही बलवान असले तरी त्याचे आयुष्य मर्यादित समजावे. लहान मापात चित्र काढून ते हुशारीने मोठे करण्याची तंत्रे अल्पखर्ची संगणकाला खरा हातभार लावतात. एनव्हिडियाचे डीएलएसएस त्या कंपनीच्या आरटीएक्स कार्डांवरच चालते. एएमडीचे एफएसआर २०२१ मध्ये आले, आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतात.

जुनी कार्डे

वापरलेले कार्ड हा कमी पैशात अधिक ताकद मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि सर्वांत जोखमीचाही. २०२० ते २०२२ या काळात चिपांचा तुटवडा आणि कूटचलनाचे खाणकाम यांमुळे कार्डांचे भाव आकाशाला भिडले होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याचे ग्राफिक्स कार्डांवरील खाणकाम संपुष्टात आले. त्यानंतर खाणकामात राबलेली कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. असे कार्ड निकामीच असते असे नाही. पण त्याचे पंखे झिजलेले आणि उष्णतावाहक लेप वाळलेला असण्याचा संभव असतो. कार्ड घेण्यापूर्वी ते निदान अर्धा तास जड खेळात चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावरील ठिपके-रेघा पाहाव्यात. जुन्या चिपची नोंद बदलून नव्या कार्डाच्या नावाने विकण्याचेही प्रकार होतात. ‘जीपीयू-झेड’ हा विनामूल्य प्रोग्रॅम चिपची खरी ओळख दाखवतो आणि बनावट नोंदीबद्दल इशारा देतो.

कार्यालयांतून निवृत्त झालेला तयार संगणक घेऊन त्यात कार्ड बसवणे हा आणखी एक रूढ उपाय आहे. अशा काही संगणकांत वीजपुरवठ्याची जोडणी एटीएक्स आराखड्याबाहेरची असते आणि पेटी अरुंद असते. तेथे केवळ खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅट विजेवर चालणारे, आखूड कार्डच चालू शकते. वर उल्लेखलेले ६ जीबीचे ‘आरटीएक्स ३०५०’ ७० वॅटचे असल्याने या कामी उपयोगी पडते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

सहा गाभ्यांचा मध्यम प्रोसेसर अल्पखर्ची गेमिंग संगणकाला पुरतो. याहून अधिक गाभ्यांचे पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. ज्याला चलच्चित्र-संपादन किंवा अभियांत्रिकीचे जड काम करायचे आहे, त्याची गोष्ट वेगळी.

येथेही नावांचा घोळ आहेच. एएमडीचे ‘रायझन ५ ५५००’ आणि ‘रायझन ५ ५६००’ हे दोन्ही २०२२ मध्ये आले, दोन्ही सहा गाभ्यांचे, आकड्यात फरक शंभराचा. परंतु ५६०० मध्ये ३२ एमबी जवळची स्मृती आहे, ५५०० मध्ये १६ एमबी. शिवाय ५५०० पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीपुरताच मर्यादित आहे. याच ५५०० बरोबर ‘आरएक्स ६५०० एक्सटी’ घेतले तर मदरबोर्ड नवा असूनही कार्ड अडखळते. दोन्ही भाग स्वतंत्रपणे स्वस्त आणि बरे असूनही त्यांची जोडी वाईट ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. ‘कोअर आय५ १२४००एफ’ थोडा स्वस्त पडतो, पण ग्राफिक्स कार्ड बिघडले तर दुरुस्ती होईपर्यंत संगणकाचा पडदा काळाच राहतो. ज्या घरात हाच संगणक अभ्यासाला आणि अर्ज भरायलाही वापरला जातो, तेथे ही काटकसर विचारपूर्वक करावी. उलट टोकाला एएमडीचे ‘जी’ अक्षराचे प्रोसेसर आहेत. ‘रायझन ५ ५६००जी’ (२०२१) किंवा ‘रायझन ५ ८६००जी’ (२०२४) यांच्या अंगभूत ग्राफिक्सवर हलके खेळ कार्डाविना खेळता येतात आणि पैसे साठल्यावर कार्ड घालता येते. पुढे कार्ड नक्की घ्यायचेच असेल, तर साधा प्रोसेसर सहसा अधिक फायद्याचा ठरतो. ५६००जी चेच पाहा, त्यात जवळची स्मृती १६ एमबीच आहे.

मदरबोर्ड स्वतः खेळाचा वेग फारसा वाढवत नाही. तो कोणता प्रोसेसर स्वीकारतो, त्यावर रॅमच्या किती खाचा आहेत, आणि आजच्यापेक्षा जड प्रोसेसर उद्या त्याला पेलेल का, एवढेच पाहावे. प्रोसेसरची बैठक जुळली म्हणजे तो चालेलच, असे मात्र नाही. २०१७ मध्ये इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरची बैठक आधीच्याच नावाची, एलजीए ११५१, होती, तरी ते मागच्या मदरबोर्डवर चालत नसत. एएमडीची एएम४ बैठक मात्र २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत टिकली. अनेक जुने मदरबोर्ड केवळ बायोस अद्ययावत करून नवे प्रोसेसर चालवू शकले. २०२२ मध्ये तिची जागा एएम५ ने घेतली. एएम४ आज स्वस्त आहे पण तिचा मार्ग संपत आला आहे. एएम५ साठी मदरबोर्ड व डीडीआर५ रॅम यांचा खर्च जास्त, पण चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याची सोय राहते. यांतून निवड करताना पुन्हा पैसे केव्हा हाती येणार, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

रॅम आणि साठवण

१६ जीबी रॅम ही सध्याची व्यवहार्य पातळी होय. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या दोन स्वतंत्र वाहिन्यांवर काम करतात. डीडीआर४-३२०० रॅमच्या एका वाहिनीचा कमाल वेग सेकंदाला २५.६ जीबी, दोन्ही मिळून ५१.२ जीबी. अंगभूत ग्राफिक्स वापरणाऱ्या संगणकात तर हा फरक डोळ्यांना दिसतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत. इंटेलच्या एलजीए १७०० बैठकीचे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळत असल्याने घेताना खात्री करावी. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यापूर्वीची खर्चाची कोष्टके आता जशीच्या तशी वापरता येत नाहीत.

साठवणीसाठी एसएसडी घ्यावी. खेळ पटकन उघडणे आणि प्रदेश लवकर लोड होणे हा तिचा लाभ. चौकटींची संख्या तिने वाढत नाही. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी, एनव्हीएमई प्रकारची काही हजार एमबी वाचते. खेळताना या दोहोंत जाणवणारा फरक लहान आहे, पण फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कशी तुलना केल्यास दोन्ही फार पुढे आहेत. अनेक मोठे खेळ आज १०० जीबीच्या पुढे जागा घेतात, तेव्हा ५०० जीबी लवकर भरते.

वीजपुरवठा

भारतात एसएमपीएस या नावाने ओळखला जाणारा हा भाग दिसत नाही, खेळात जाणवत नाही, आणि म्हणून काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यावरच पडते. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. इतर भाग हलका घेतला तर खेळ हळू चालतो. एसएमपीएस निकृष्ट निघाला तर तो जाताना मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही घेऊन जाऊ शकतो.

स्वस्त कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० असा आकडा ठळक छापलेला असतो. तो आकडा न पाहता बाजूचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. तक्त्यात त्या वाहिनीचा प्रवाह १६ अँपिअर असेल, तर तेथून १२ × १६ म्हणजे १९२ वॅटच मिळतील, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी शक्ती १२ व्होल्टवर उपलब्ध असते.

गरजेचा हिशेब अवघड नाही. ‘आरटीएक्स ३०६०’ कार्ड १७० वॅटचे, प्रोसेसर ६५ वॅटचा, आणि मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी यांना मिळून ५० वॅट धरले तर बेरीज २८५ होते. कार्डाची मागणी क्षणभर निर्धारित आकड्याच्या बरीच वर उसळते आणि एसएमपीएस सतत काठावर चालवू नये, म्हणून येथे ५५० वॅट योग्य. एनव्हिडियाची शिफारसही या कार्डासाठी तेवढीच आहे.

‘८० प्लस’ हे २००४ पासूनचे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे आहे. घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज एसएमपीएस उपयोगात आणतो, एवढाच त्याच्या मूळ पायरीचा अर्थ. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम या पुढच्या पायऱ्या. हे प्रमाणपत्र टिकाऊपणाची वा सुरक्षिततेची हमी देत नाही. तथापि ज्या एसएमपीएसवर तेही नाही, तो ग्राफिक्स कार्डाच्या संगणकात घालू नये. अतिव्होल्ट, अतिप्रवाह आणि शॉर्टसर्किट यांपासूनच्या संरक्षणाचा उल्लेख आहे का, आणि हमी किती वर्षांची आहे, हे पाहावे.

आपल्याकडे वीज जाणे-येणे आणि व्होल्टेजचे चढउतार नित्याचे असल्याने यूपीएसचाही विचार करावा लागतो. बाजारातील नेहमीचा ६०० व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार उचलतो. मॉनिटरसह गेमिंग संगणक खेळाच्या मध्यावर ही मर्यादा ओलांडू शकतो आणि वीज जाताच यूपीएसही बंद पडतो. चौकोनी लहरींचा जुना इन्व्हर्टर काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाही, शुद्ध साइन लहरींचा चालतो. घराचे अर्थिंग नीट नसेल तर आधी ते करून घ्यावे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर ते अर्थिंग नसल्याचे लक्षण समजावे.

कॅबिनेट

कॅबिनेटमध्ये हवा खेळती राहणे महत्त्वाचे, रंगीत दिवे नव्हे. समोर जाळी असलेले, पुढून हवा घेऊन मागून सोडणारे कॅबिनेट निवडावे. समोर बंद काच असलेली कॅबिनेटे शोभिवंत दिसतात, पण विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात त्यांच्या आतल्या कार्डाचे हाल होतात. भागांचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत असते, त्याखाली कोणताही पंखा ते नेऊ शकत नाही. खरेदीपूर्वी कॅबिनेटमध्ये मावणारी कार्डाची लांबी आणि प्रोसेसरच्या कूलरची उंची पाहावी.

खर्चाची वाटणी

समजा, मॉनिटर, कीबोर्ड, माउस सोडून ६०,००० रुपये हाती आहेत. एक समतोल वाटणी अशी होऊ शकते: ग्राफिक्स कार्ड २२,५०० रुपये, प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून १६,५००, रॅम व एसएसडी ११,०००, एसएमपीएस ५,५००, कॅबिनेट व पंखे ४,०००, आणि किरकोळ खर्चाला ५००. हे भाव नव्हेत, प्रमाण आहे. रॅमचे भाव चढलेले असतील तेव्हा कार्डाचा हिस्सा नाइलाजाने घटतो. अशा वेळी जुनी डीडीआर४ रॅम घेणे हा पर्याय बरा, कारण सुट्या भागांत रॅम हा जुना घेण्यास तुलनेने निर्धोक भाग आहे. एसएमपीएस मात्र जुना घेऊ नये.

दुकानात बऱ्याचदा उलट वाटणी सुचवली जाते: नावाजलेला महाग प्रोसेसर, दिव्यांचे कॅबिनेट, पाण्याने थंड होणारा कूलर, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड. ‘आय सेव्हन’ हे दोन शब्द पालकांना माहीत असतात, कार्डांची नावे नसतात, हे त्याचे साधे कारण. असा संगणक कार्यालयीन कामात चपळ वाटतो आणि खेळ सुरू करताच उघडा पडतो. कर्ज काढून वा बचत मोडून एकदाच होणाऱ्या खरेदीत ही चूक नंतर दुरुस्त करायला पुन्हा पूर्ण कार्डाचा खर्च येतो.

खरेदी आणि बिल

संगणकाच्या सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ‘बिल नको असेल तर तेवढे कमी करतो’ हा प्रस्ताव मोहात पाडणारा असला तरी बिलाविना हमीचा दावा अवघड होतो आणि ग्राहक आयोगापुढे हाती पुरावा राहत नाही. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक बिलावर असावा. परदेशातून खासगीरीत्या आणलेल्या मालाला भारतातील हमी लागू आहे की नाही, ते विक्रेत्याला नव्हे तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून पाहावे. सर्व भाग एकाच दिवशी, किंवा निदान परत करण्याच्या मुदतीत जुळवून तपासता येतील अशा बेताने घ्यावेत. प्रोसेसर आज, मदरबोर्ड दिवाळीला असे केले, तर पहिला सदोष आहे हे कळेपर्यंत त्याची मुदत टळून जाते.

जुळणीतील नेहमीच्या चुका

जुळणीला एक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर आणि एक निवांत दुपार पुरते. स्थिर विजेपासून भागांचे रक्षण करण्यासाठी अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. कोरड्या हिवाळ्यात हा धोका अधिक, दमट पावसाळ्यात कमी. मदरबोर्डखाली पितळी खुंट्या न बसवता तो थेट पत्र्यावर आवळल्यास शॉर्टसर्किट होते. प्रोसेसरची वेगळी वीजजोडणी विसरणे आणि कूलरखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा न काढणे याही नवशिक्यांच्या ठरलेल्या चुका.

संगणक सुरू झाल्यानंतरच्या चुका अधिक फसव्या असतात, कारण त्यांत काही बिघडत नाही, फक्त विकत घेतलेला वेग मिळत नाही. मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या तोंडात लावली, तर प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असल्यास कार्ड बाजूला पडते आणि खेळ त्याच दुबळ्या ग्राफिक्सवर चालतो. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम बायोसमध्ये एक्सएमपी चालू करेपर्यंत बहुधा २१३३ किंवा २४०० वरच चालते. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर विंडोजमध्ये दर बदलेपर्यंत अनेकदा ६० वरच राहतो. वर्षभर तसेच खेळत राहिलेले लोक आढळतात.

प्रचालन प्रणाली

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षासोय लागते. ती वर उल्लेखलेल्या रायझन ५००० मालिकेत आणि इंटेलच्या बाराव्या पिढीत आहे, बायोसमध्ये चालू करावी लागू शकते. परवान्याचा खर्च टाळायचा असल्यास लिनक्सचा पर्याय आहे. स्टीम या विक्रीमंचाने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजसाठीचे बरेच खेळ लिनक्सवर चालतात. परंतु फसवेगिरी रोखणाऱ्या यंत्रणांमुळे ‘व्हॅलोरंट’सारखे खेळ तेथे चालत नाहीत, आणि हाच खेळ विंडोज ११ वर टीपीएम व सिक्युअर बूट चालू असल्याखेरीज सुरू होत नाही. म्हणून मदरबोर्ड जुना घेताना ही सोय तपासावी.

देखभाल

धूळ हा आपल्याकडील संगणकाचा मोठा शत्रू आहे. तीन-चार महिन्यांतून एकदा संगणक बंद करून, प्लग काढून, पंखे बोटाने धरून ठेवून हवेच्या झोताने जाळ्या साफ कराव्यात. पंखा मोकळा फिरू दिला तर त्याच्या धारवा झिजतात. खेळताना सरासरी ३०० वॅट ओढणारा संगणक रोज तीन तास चालल्यास महिन्याला सुमारे २७ युनिट वीज लागते. निकामी झालेले भाग भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत. यासंबंधीचे २०२२ चे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.